मूळ पुरुष कुठून आणायचा?

दिवाळीनंतर अंजनगावच्या काकांनी व्हॉट्सअॅपवर छत्तीस पानांची एक पीडीएफ पाठवली. वर गणपती, खाली आमच्या आडनावापुढे ‘घराण्याचा इतिहास’ अशी ठसठशीत अक्षरं. समाजाच्या मेळाव्यात वाटायला पाचशे प्रती छापायच्या होत्या. ‘तू पेपरात लिहितं, तर प्रस्तावना तूच लिही,’ असा निरोप सोबत होता.

त्याच आठवड्यात मी माझ्या भाचीच्या जात पडताळणीच्या फाइलमागे धावत होते. भाऊ पुण्यात, वहिनीची नोकरी, म्हणून अमरावतीत राहणारी आत्या कामाला लागली. त्या फाइलमध्येही एक वंशावळ होती, शंभराच्या मुद्रांक कागदावर, शपथेवर लिहिलेली. म्हणजे एकाच घराच्या दोन वंशावळी एकाच वेळी माझ्या फोनमध्ये आल्या. काकांची नऊ पिढ्यांची होती आणि एका सैनिकापासून सुरू होत होती. फाइलमधली पाच पिढ्यांची होती आणि माझ्या पणजोबांपाशी थांबत होती. नकलेत त्यांच्या नावापुढे ‘बरई’ लिहिलं होतं आणि धंद्याच्या रकान्यात ‘मजुरी’.

हा लेख खरं तर त्या न लिहिलेल्या प्रस्तावनेच्या जागी आहे. पूर्वजाचा शोध घेणारी पुस्तकं मी गेले काही महिने मुद्दाम वाचत होते. ती चांगली केव्हा होतात आणि कुठे फसतात, हे मला काकांना सांगायचं होतं. फोनवर ते जमलं नाही.

आधी कुलवृत्तांताबद्दल. मराठीत हा प्रकार गेल्या शतकभरात चांगलाच रुजला आहे, तरी त्याची समीक्षा कुणी फारशी करत नाही. तो साहित्य नाही, घरगुती दस्तऐवज आहे, असं धरून चालतो आपण. पण वाचायला घ्या, त्याची ठरलेली घडण लगेच दिसते. गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गाव, मग मूळ पुरुष. त्यानंतर घराणं क्रमांक एक, दोन, तीन, आणि प्रत्येकाखाली पिढीचा आकडा लावून माणसं. कोण कुठे वकील होता, कोण रेल्वेत लागला, कुणाला सरकारकडून पदवी मिळाली. कोकणातल्या घराण्यांच्या वृत्तांतांत वऱ्हाड येतं ते असं: एखादी शाखा नोकरीनिमित्त उमरावती किंवा अकोल्याला गेली आणि ‘तिकडेच स्थायिक झाली’. या तीन शब्दांत एखाद्या माणसाची अख्खी भाषा बदललेली असते, जेवण बदललेलं असतं, मुलं ‘तुले-मले’ बोलायला लागलेली असतात. कुलवृत्तांताला त्याचं काही नाही. त्याचा जीव शाखा जोडण्यात.

तरी मला हे ग्रंथ आवडतात. त्यांच्यात एक कोरडी ईर्ष्या असते. कुणीतरी निवृत्त मास्तर वर्षानुवर्षं पोस्टकार्डं पाठवून, गावोगाव जाऊन दोन-तीन हजार नावं गोळा करतो, आणि एवढं करून स्वतःबद्दल चार ओळीच लिहितो. ‘माहिती उपलब्ध नाही’ हे वाक्य प्रामाणिकपणे वापरणारं इतकं गद्य मराठीत दुसरीकडे क्वचितच सापडेल.

खोट आहे ती निराळीकडे. ज्या घरात लिहिणं-वाचणं होतं, इनामाचे कागद होते, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत मोडीत सही करता येत होती, त्यांचेच ग्रंथ झाले. अमरावतीचंच उदाहरण घ्या. दादासाहेब खापर्डे वर्षानुवर्षं रोज इंग्रजीत डायरी लिहीत. त्या डायऱ्या आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यांच्या मुलाने, बाळकृष्ण खापर्ड्यांनी, वडिलांचं चरित्र लिहिलं. टिळकांच्या खटल्यासाठी विलायतेला गेलेला माणूस. त्याचा दिवस न् दिवस सापडतो. त्याच काळात त्याच जिल्ह्यात माझे पणजोबा पानमळ्यात वेल बांधत होते. त्यांच्या आयुष्यातला एकही दिवस कुणी लिहून ठेवलेला नाही. दोन-तीन ओळी आहेत, त्याही त्यांच्याबद्दल नाहीत. त्यांच्या मुलांबद्दल आहेत.

यावर काकांकडे उत्तर होतं: भाट. त्यांच्या लहानपणी दर काही वर्षांनी भाट यायचा, ओसरीवर बसायचा, पोथीसारखी वही काढून पिढ्या म्हणायचा, धान्य-कपडा घेऊन जायचा. जाताना नव्या पोरांची नावं वहीत चढवायचा. त्याने सांगितलेला मूळ पुरुष नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत होता. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावच्या लढाईत तो लढला, पराभवानंतर अंजनगावात राहिला आणि त्याने पानमळा लावला. ‘आपल्या गावचा तहच आहे नं इतिहासात,’ काका म्हणाले. आहे. ३० डिसेंबर १८०३ ला शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेला सुर्जी-अंजनगावचा तह शाळेच्या पुस्तकात असतो. गावाचं नाव तहात आहे. आमचं नाही.

इथे मला अॅलेक्स हेलीचं ‘रूट्स’ आठवलं. तुमच्यापैकी काहींनी त्याची मालिका पाहिली असेल. पुस्तक आलं १९७६ साली. १९७७ च्या जानेवारीत अमेरिकेत त्यावरची मालिका सलग आठ रात्री दाखवली गेली आणि लोक कामं सोडून टीव्हीपुढे बसले. कथा थोडक्यात अशी. हेलीची आजी टेनेसी राज्यातल्या हेनिंग गावी ओसरीवर बसून घराण्याच्या गोष्टी सांगायची. सर्वांत दूरच्या पूर्वजाला ती ‘आफ्रिकन’ म्हणायची. त्याचं नाव ‘किन्टे’, तो नदीला ‘कांबी बोलोंगो’ म्हणायचा, लाकूड तोडायला गेला असताना धरला गेला. एवढ्या चार-पाच शब्दांच्या आधारावर हेली गॅम्बियातल्या जुफुरे गावापर्यंत पोचला. तिथे एका म्हाताऱ्याने किन्टे कुळाच्या पिढ्या म्हणून दाखवल्या आणि त्यात कुंटा नावाचा, लाकूड आणायला गेलेला आणि परत न आलेला मुलगा निघाला. हेलीने जहाज शोधलं: ‘लॉर्ड लिगोनिअर’, १७६७ साली अॅनापोलिसला लागलेलं. तिथून खाली सात पिढ्या, शेवटी तो स्वतः.

पहिल्यांदा वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असेन. आपल्या घरात सांगितलेल्या तुटक शब्दांना जगात कुठेतरी दुसरं टोक असू शकतं, ही कल्पनाच पुरेशी होती.

दुसऱ्यांदा वाचलं ते या वर्षी, त्यावर झालेली टीका सोबत घेऊन. टीका सौम्य नाही. हॅरल्ड कूरलँडर या लेखकाने आपल्या ‘द आफ्रिकन’ या कादंबरीतले उतारे हेलीने उचलल्याचा दावा लावला. १९७८ मध्ये हेलीने तडजोड केली, साडेसहा लाख डॉलर दिले आणि काही मजकूर तिथून आल्याचं मान्य केलं. १९८१ मध्ये गॅरी आणि एलिझाबेथ मिल्स या वंशावळ-अभ्यासक जोडप्याने व्हर्जिनियातले कागद तपासले. ज्या ‘टोबी’ला हेली कुंटा किन्टे म्हणतो, तो १७६२ च्या कागदात आधीच तिथे आहे. जहाज यायच्या पाच वर्षं आधी! जुफुरेच्या म्हाताऱ्याबद्दलही प्रश्न उठले. तो परंपरेने शिकलेला कुलगायक नव्हता, आणि पाहुण्याला काय ऐकायचं आहे हे गावाला आधीच कळलेलं होतं.

हे वाचून मला काकांच्या ओसरीवरचा भाट दिसला. त्याला खोटारडा ठरवायचं माझ्या मनात नाही. भाटाची वही हा खरा दस्तऐवज असतो, विशेषतः अलीकडच्या चार-पाच पिढ्यांसाठी, कारण त्या नोंदी त्याने किंवा त्याच्या बापाने समोर बसून घेतलेल्या असतात. पण वहीचा वरचा भाग निराळ्या कामाचा असतो. तिथे यजमानाला मान द्यायचा असतो. म्हणून वर गेलं की सगळ्यांचेच पूर्वज घोड्यावर बसतात. माझ्या माहितीतल्या पाच घराण्यांच्या भाटांच्या कथांत पाचही मूळ पुरुष तलवारीचे. मग वऱ्हाडात पऱ्हाटी कोण पेरत होतं?

आमच्या बाबतीत तर कथेतच गाठ बसत नाही. पानमळा ही पराभवानंतर दुसऱ्या दिवशी लावायची गोष्ट नव्हे. शेवरी-पांगाऱ्याची झाडं आधी वाढवावी लागतात, सावली धरावी लागते, वाफे करून पाणी खेळवावं लागतं. वेल वर गेला की तो उतरवून, त्याचं वेटोळं मातीत दाबून पुन्हा चढवावा लागतो. बारी लोक हे आजोबाकडून शिकतात. सोबत पानपिंपळी घेतात, तीही तशीच नाजूक. एखादा शिपाई एका हंगामात हे शिकला असेल यापेक्षा आमचे लोक अडगावच्या तोफा ऐकू येण्याच्या आधीपासून मळ्यात होते, हे मला जास्त पटतं. काकांना मी हे म्हटलं. ते स्वतः साठ वर्षं मळ्यात काम केलेले. क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, ‘थे बरोबर आहे. पण मंग पयल्या पानावर काय छापू? मजूर?’

या प्रश्नात हेलीचा सगळा पेच आहे. आपल्या समाजाला पहिल्या पानावर छापायला एक माणूस हवा होता, हे हेलीला माहीत होतं, आणि तो होताही. अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी असे. त्यात वरती मालकाचं नाव आणि खाली वय, स्त्री की पुरुष, रंग. गुलामाचं नाव सहसा नाही. सगळ्या कृष्णवर्णीयांची नावं पहिल्यांदा १८७० च्या जनगणनेत आली. तिथल्या आफ्रिकन-अमेरिकन घराण्यांचा शोध घेणारे या सालाला भिंत म्हणतात; मागे जायचं तर मालकांची मृत्युपत्रं आणि खरेदीखतं चाळत, माणसाच्या किमतीवरून माणूस ओळखत जावं लागतं. एवढ्या भिंतीपुढे उभ्या असलेल्या लोकांना कुणी म्हणालं, ‘हे घ्या नाव, हे गाव, ही तारीख’, तर ते कोण नाकारील?

म्हणून ‘रूट्स’वर लबाडीचा शिक्का मारून मोकळं होणं मला स्वस्त वाटतं. त्या पुस्तकाने हजारो लोकांना अभिलेखागारात नेलं. ज्यांनी पुढे त्यातल्या चुका दाखवल्या, त्यांचा विषयही त्यामुळेच लोकांपर्यंत गेला. माझी तक्रार साहित्याची आहे. हेली कल्पना करतो म्हणून नव्हे, तर कल्पना कुठे सुरू झाली हे लपवतो म्हणून. शेवटच्या प्रकरणांत तो स्वतः येतो, बोटीच्या नोंदी, म्हाताऱ्याचं कथन, सगळं पुराव्यासारखं मांडतो, आणि मागची पाचशे पानं त्या पुराव्यावर उभी आहेत असं वाचकाला वाटू देतो. पुस्तकाचे सर्वांत जिवंत भाग मात्र ते आहेत जिथे आजी बोलते. ‘किन्टे’ हा शब्द पाच-सहा पिढ्या तोंडातोंडी झिजत आला, त्याचा अर्थ कुणालाच माहीत नाही, तरी तो पुढच्या पोराला सांगितला जातो. हेली तिथेच थांबता, त्या झिजलेल्या शब्दाबद्दलच लिहिता, तर पुस्तक कदाचित कमी खपलं असतं. ते पाडता मात्र आलं नसतं.

आपल्या बाजूने अमेरिकेला गेलेल्या सुरुवातीच्या माणसांत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे येतात. वर्धा म्हणजे वऱ्हाड नव्हे, हे कुणी अकोलेकर मला लगेच सुनावेल, पण नदी ओलांडली की झालं. गदर चळवळीच्या आरंभीच्या लोकांपैकी एक, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, पहिल्या महायुद्धात इराण-तुर्कस्तानच्या बाजूला इंग्रजांविरुद्ध फिरले आणि पुढे मेक्सिकोत मक्यावर काम केलं. दिएगो रिव्हेराच्या तिथल्या एका भित्तिचित्रात ते भाकरी मोडताना दिसतात. स्वातंत्र्यानंतर परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. वीणा गवाणकरांनी मराठीत त्यांचं चरित्र लिहिलं आहे, आणि त्यांची मेक्सिकोत जन्मलेली मुलगी सावित्री सावनी हिने इंग्रजीत ‘आय शॅल नेव्हर आस्क फॉर पार्डन’.

मुलीच्या पुस्तकापुढचा प्रश्न हेलीच्या उलटा आहे. हेलीच्या पूर्वजाचं नाव दुसऱ्यांनी पुसलं. खानखोज्यांनी स्वतःचं नाव स्वतः बदललं, एकदा नव्हे, पोलीस मागे असताना पुन्हा पुन्हा. ज्या माणसाने माग राहू नये म्हणून तारुण्य घालवलं, त्याचा माग त्याच्या मुलीने काढायचा. त्यात गदरच्या इतिहासाचा मोठा भाग इंग्रज गुप्तचरांच्या अहवालांतून आलेला. म्हणजे पूर्वजाचा शोध घेताना त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहावं लागतं. मला या पुस्तकातलं आवडलं ते हे की मुलगी वडिलांना आठवणीतूनच गाठते, आणि ते मुलीचं लिहिणं आहे हे वाचकाला कुठेही विसरू देत नाही. संशोधनाचा आव कमी, म्हणून विश्वास जास्त बसतो.

आता कोतवाल बुकाकडे येते, कारण माझ्या दृष्टीने या सगळ्यांत तेच मोठं पुस्तक आहे.

पश्चिम महाराष्ट्रात जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये शोधतात. आमच्याकडे कोतवाल बुक म्हणतात, कुणी कोतवाल पंजी. पडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, तोही बापाच्या बाजूचा. त्यामुळे दर उन्हाळ्यात, प्रवेशाच्या आधी, विदर्भातल्या तहसिलींसमोर तरुण पोरं आणि त्यांचे काका-मामा जुन्या नकला काढायला उभे असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला तेव्हा तर मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. मी त्या रांगेत उभी राहिले आहे. समोरचा मुलगा फोनवर रील पाहता पाहता मला म्हणाला, ‘मॅडम, तुमचा पणजा सापडला का? माझा अजून आजोबातच अडकला.’ महाराष्ट्रात सर्वांत जास्त लोक वंशावळ शोधतात ते अशा ठिकाणी. हौस म्हणून नव्हे. शोधला नाही तर जागा जाते.

माझ्या आजोबांची जन्माची ओळ १९२२ ची. आजोबांचं नाव त्यात नाहीच. बापाचं नाव, जात, आणि ‘मुलगा’. तेवढ्यावर पुढची कसरत: हा ‘मुलगा’ म्हणजेच शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातले आजोबा, हे पटवून द्यायचं. शाळेत ‘बारी’ आहे, कोतवाल बुकात ‘बरई’. हे दोन्ही एकच, हे कुणीही सांगेल, पण ते ‘कुणीही’ कागदावर आणायला आम्हाला तीन चकरा पडल्या. असो.

गुलामांच्या यादीशी याची तुलना करायचा मोह मला झाला होता. ती चालणार नाही. आमची माणसं कुणाची मालमत्ता नव्हती. आमच्याहून खाली ढकललेल्यांची गोष्ट वेगळी, आणि बऱ्याच गावांत ही नोंद ज्याच्या तोंडून पोचली तो कोतवाल त्यांच्यातलाच होता. तोच गावभर फिरून जन्म-मरणाची खबर आणायचा. त्याच्या स्वतःच्या घरची ओळही त्याच बुकात, तेवढ्याच अक्षरांत. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. नोंद करणाऱ्याला माणसात रस नव्हता, संख्येत होता. आणि आज आपण त्याच संख्येत माणूस शोधतो.

आजोबांची ओळ शोधताना मी मागची पानं उलटत गेले. १९१८ च्या पावसाळ्यानंतर अक्षर बदलतं. आधी एका पानावर महिन्याची मरणं मावत, मग आठवड्याचीही मावत नाहीत. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. पुढे पुढे नुसती दोन टिंबं, वरच्यासारखंच. इन्फ्लुएंझाच्या साथीत मध्य प्रांत-वऱ्हाड हा देशातल्या सर्वांत जास्त होरपळलेल्या भागांपैकी होता, हे मी वाचलेलं होतं. टिंबांनी ते जास्त कळलं. त्यातच एका ओळीत पणजोबांचं नाव आणि पुढे: मुलगी, वय २, ताप. दोन वर्षं मागे गेले तर १९१६ ची ओळही सापडली. ‘मुलगी’.

काकांच्या नऊ पिढ्यांत ही मुलगी नाही. फाइलच्या पाच पिढ्यांतही नाही. फाइलला तिची गरज नाही, कारण तिथे बापाकडून मुलाकडे रेघ जाते. कुलवृत्तांतांत मुली असतात, पण सासरच्या नावाने, कंसात. लग्नाआधी गेलेली पोर कंसातही मावत नाही. वऱ्हाडातल्या घराचा इतिहास बाईकडून वाचायचा तर उद्धव शेळक्यांच्या ‘धग’कडे जावं लागतं. १९६० ची कादंबरी, तीत कौतिक आहे, तिचं राबणं आहे, वऱ्हाडी बोली आहे. कुठल्याही वंशावळीत ‘पत्नी’ एवढाच शब्द झाला असता असं आयुष्य तिथे पूर्ण मिळतं. पण ती कादंबरी आहे आणि तसंच सांगते. काकांच्या पुस्तिकेला ती वाट नाही.

मग वाट कोणती? मी ती अमरावती जिल्ह्यातच शोधली, रिद्धपूरला. चक्रधरस्वामी गेल्यानंतर तेराव्या शतकात म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी जमवायला घेतल्या. ज्याने जे पाहिलं-ऐकलं त्याच्याकडे जाऊन विचारायचं, बायकांकडे, म्हाताऱ्यांकडे, जिथे असतील तिथे. त्यातून ‘लीळाचरित्र’ झालं. पुढे धामधुमीत पोथ्या हरवल्या तेव्हा लोकांच्या पाठांतरातून मजकूर पुन्हा उभा केला गेला, आणि त्यात हिराइसा या बाईच्या स्मरणाचा मोठा वाटा मानतात. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर महानुभावांनी एक खरी धरून दुसरी जाळली नाही. अमक्याची वासना अशी, तमक्याची तशी, म्हणून दोन्ही ठेवल्या. मराठी गद्याच्या पहिल्याच मोठ्या पुस्तकात ‘हे कुणी सांगितलं’ याला इतका मान आहे. सातशे वर्षांनी आपण घराण्याचा इतिहास लिहितो आणि भाटाचं सांगणं, काकांचा अंदाज, तहसिलीची नक्कल, सगळं एकाच सुरात, ‘इतिहास सांगतो की’ म्हणून ठोकून देतो. काय म्हणावं!

हल्ली डीएनए तपासणीचाही सूर त्यात मिसळतो. भाचीने विचारलं, थुंकी पाठवून कळत नाही का? कळतं काहीतरी, हजारो वर्षांपूर्वीचं, ढोबळ. १९१६ च्या मुलीचं नाव त्यात नसतं.

तर मी काकांना म्हटलं, अडगावचा शिपाई काढू नका. राहू द्या. फक्त त्याच्यापुढे लिहा: भाटाने सांगितलं. पणजोबांच्या पुढे लिहा: कोतवाल बुक, अमुक साल, धंदा मजुरी, घरचे म्हणतात पानमळा. दोन्ही छापा. काका चिडले. ‘लोकं हासतीन. दुसऱ्यायच्या पुस्तकात सरदार, अन् आपल्यात कंस.’ त्यांचा राग मला समजतो. ज्या समाजाने कधी पुस्तक छापलं नाही, त्याला पहिल्याच पुस्तकात शंका छापायला सांगणं थोडं निर्दयी आहे. ज्यांच्याकडे शंभर वर्षांचे ग्रंथ आहेत त्यांना शंका परवडते. हेलीलाही बहुधा हेच वाटलं असेल. तरीही मी अडून बसले, कारण भाचीच्या फाइलने एक गोष्ट शिकवली होती: कागद कधी ना कधी कुणीतरी तपासतोच. आपल्यानंतरची पोरं जास्त हुशार असणार. एक गोष्ट खोटी निघाली की ती खऱ्या गोष्टीही फेकून देतील, पानमळ्यासकट.

मुलीच्या ओळीचा फोटो मी काकांना पाठवला होता. त्यावर ते काही बोलले नाहीत. चार दिवसांनी त्यांचा फोन आला तो अकोटहून, माझ्या थोरल्या आत्याच्या घरून. ऐंशीच्या पुढे आहे ती, ऐकू कमी येतं. काकांनी फोन तिच्या हातात दिला. तिची आजी, म्हणजे माझी पणजी, दर पोळ्याला एक नाव घेऊन रडायची, असं आत्याने सांगितलं. पोर दोन वर्षांची होऊन गेली, शकुंतला गाडीच्या शिट्टीला घाबरायची, एवढंच तिला माहीत. नाव मी इथे लिहीत नाही, ते आधी पुस्तिकेत यावं.

मागून काकांचा आवाज आला, ‘पुरावा काय पण?’

‘आत्याने सांगितलं,’ मी म्हटलं. ‘तसंच लिहा.’

काल छापखान्यातल्या पोराचा मेसेज होता. वंशवृक्षाच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये लग्न न झालेल्या मुलीसाठी चौकोनच येत नाही, ‘पुरुष’ निवडल्याशिवाय पुढची पिढी उघडत नाही, काय करू? मी त्याला हाताने काढून स्कॅन करायला सांगितलं आहे. सैनिकाचा चौकोन काकांनी ठिपक्यांचा करायचं कबूल केलं, पण घोड्याचं चित्र काढायला तयार नाहीत. प्रस्तावनेला शुक्रवारपर्यंत मुदत आहे.